ओळखपत्राची मागची बाजू

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे, तिच्या दारावर 'शिस्त कक्ष' अशी पाटी होती आणि आत चार कपाटं, तीन टेबलं आणि एक कलमकाका होते. खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर असेल; कुलगुरूंपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना कलमकाकाच म्हणत. कुणाचाही कसलाही गुन्हा घेऊन जा, काका चष्मा कपाळावर चढवून छताकडे बघणार आणि दोन मिनिटांत त्याला बसेल असं कलम काढून देणार. नाही बसलं तर बसवून देणार.

दोन वर्षांपूर्वी फाटकाबाहेरच्या फूटपाथवर पोरांची मारामारी झाली होती. फूटपाथ नगरपालिकेचा, विद्यापीठाचा त्याच्याशी काय संबंध? काकांनी टिपणी लिहिली की सदर जागा विद्यापीठाच्या झाडांच्या फांद्यांखाली येते, आणि फांद्या विद्यापीठाच्या आहेत. पोरांना पंधरा दिवस घरी बसवलं. ती टिपणी वाचून कुलसचिव पोट धरून हसले आणि काका आठवडाभर हवेत होते. ती पोरं हसली की नाही, हे बघायला कुणी गेलं नाही.

निवृत्तीला चार महिने उरले असताना काकांच्या टेबलावर ती तक्रार आली. तीन पानं, टाइप केलेली, खाली रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांची सही.

झालं होतं ते असं. एका रविवारी सकाळी प्रमुखसाहेब शिंप्याकडे कोट आणायला गेले. घालून आरशात बघितलं तर डावी बाही बोटभर आखूड. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, पण साहेबांचा पारा चढला की त्यांना गर्दी दिसत नाही. 'डोळे फुटले होते का शिवताना?' इथपासून सुरुवात करून ते शिंप्याला नाही नाही ते बोलले आणि शेवटी कोट काढून त्याच्या तोंडावर फेकला. मागे काजं करत बसलेली शिंप्याची मुलगी उठली. ती नेमकी साहेबांच्याच विभागात, शेवटच्या वर्षाला. तिनं कोट उचलला, झटकला, घडी घातली आणि म्हणाली, "सर, बाबांची बाही बोटभर आखूड झाली. तुमचा अभ्यासक्रम दरवर्षी दोन धडे आखूड होतो. आम्ही कधी वही फेकली का तुमच्या तोंडावर?"

गिऱ्हाइकं हसली. खरी तक्रार त्या हसण्याचीच होती. तीन पानांत 'हशा' हा शब्द चार वेळा आला होता.

कुलसचिवांनी काकांना बोलावून घेतलं. "काका, हे बसतंय का कुठं? दुकानातली गोष्ट, रविवारची, आपल्या आवारापासून तीन किलोमीटर लांब."

बसत नव्हतं. नियमावली काकांना झोपेतही पाठ होती. विद्यापीठाच्या आवारात, वसतिगृहात, किंवा विद्यापीठाच्या कामासाठी बाहेर असताना: विद्यार्थ्याच्या वागण्यावर विद्यापीठाचा हात पोचतो तो एवढाच. शिंप्याचं दुकान यात कुठंच येत नव्हतं. 'नाही बसत, साहेब' एवढे तीन शब्द बोलून काका चहाला जाऊ शकले असते.

"पण तुम्ही असताना कलम नाही, असं कधी झालंय का?" कुलसचिव म्हणाले आणि काका फुगले. माणूस कौतुकानं जेवढा बिघडतो तेवढा शिव्यांनी बिघडत नाही.

जागेवर येऊन त्यांनी तक्रार पुन्हा वाचली. दुसऱ्या पानावर साहेबांनी सहज लिहिलं होतं, 'गळ्यात विद्यापीठाचे ओळखपत्र असूनही तिने असे उद्गार काढले.' काकांचे डोळे चमकले. त्यांनी स्वतःच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मागे रक्तगट, पत्ता, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'हे ओळखपत्र गळ्यात असेपर्यंत धारक कोठेही असला तरी विद्यापीठाच्या शिस्तीस बांधील राहील.' 'कोठेही'! आणखी काय पाहिजे? मनात कुठंतरी काहीतरी टोचलं, पण टोचलं तिथं बघायची सवय काकांना कधीच नव्हती. त्यांनी झोकात टिपणी लिहिली.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हा पराक्रम बायकोला सांगितला. बायको शाळेतली निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारलेली बाई. तिनं घास हातातच ठेवला.

"अहो, ते वाक्य तुमचंच ना?"

"माझं कसं? विद्यापीठाचं आहे ते."

"काहीतरीच काय बोलता! छापखान्यातून फोन आला होता सकाळी नाश्त्याच्या वेळी. मागे जागा रिकामी राहतेय, बोडकं दिसतंय, एखादी ओळ टाका म्हणून. तुम्ही पोह्याची बशी हातात धरून वाक्य सांगितलंत, मी पेपर तपासत होते त्या पेनानं लिहून घेतलं. 'बांधील'मधला धी ऱ्हस्व की दीर्घ, असं विचारून मला हसवलंत सुद्धा. एकवीस वर्षं झाली."

काकांना आठवलं. सगळं आठवलं, अगदी बशीसकट. कुठल्या सभेनं ते वाक्य मंजूर केलं नव्हतं, कुठल्या अधिकाऱ्यानं सही केली नव्हती. जागा रिकामी होती म्हणून भरली, एवढंच. पुढं वसतिगृहाच्या बाईंनी, पहारेकऱ्यांनी, ग्रंथपालांनी तीच ओळ दाखवून पोरांना दम दिला आणि बघता बघता ती नियमासारखी वागायला लागली.

"उद्याच सांगून टाका," बायको म्हणाली. "अजून सुनावणी झाली नाही ना?"

"सांगतो," काका म्हणाले.

सुनावणी गुरुवारी होती. समितीत तिघं: अधिष्ठाता मधे, दोन्ही बाजूंना दोन प्राध्यापक. काका कोपऱ्यातल्या टेबलावर कार्यवृत्त लिहायला. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर शिंपी बसला होता. मांडीवर कोट, त्यावर स्वच्छ पांढरं कापड. काका फायली आणायला म्हणून तीनदा ये-जा करून गेले, आणि तीनदाही तो बाकावरून उठून उभा राहिला. चौथ्यांदा काकांनी बाहेर जायचं टाळलं.

मुलगी आत आली. बारीक, उंच, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. गळ्यात ओळखपत्र.

"दुकानात, सुट्टीच्या दिवशी, ओळखपत्र कशाला घातलं होतंस?" अधिष्ठात्यांनी विचारलं.

"बाबा घालायला लावतात."

"का?"

"आमच्याकडे कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिलीच. गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. मशीनवर बसले की पट्टा सुईत अडकतो, मी काढून ठेवते. ते परत घालतात."

एका प्राध्यापकांनी खिडकीबाहेर बघितलं. काकांची लेखणी थांबली होती. हे कार्यवृत्तात कसं लिहायचं, त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलंच नाही.

"सरांना बोलले ते बोलले," मुलगी म्हणाली. "त्यांनी कोट फेकला नसता तर बोलले नसते. पण सर, ते आमचं दुकान आहे. तिथं मी विद्यार्थिनी नव्हते, मुलगी होते. आणि ही कार्डावरची ओळ म्हणताय, ती कुठल्या नियमातली? मी लायब्ररीत नियमावली दोनदा वाचली. मला कुठंच सापडली नाही."

प्रश्न अगदी नेमका होता. अधिष्ठात्यांनाही तो पटलेला दिसला, कारण ते खुर्चीत वळले आणि म्हणाले, "हो, काका, ही ओळ कुठून आली?"

खोलीतले सगळे काकांकडे बघत होते. ही वेळ होती. काकांना पोह्याची बशी दिसली, बायको दिसली. आणि तेहतीस वर्षांचं ते नावही दिसलं, चार महिन्यांनी होणारा निरोपसमारंभ दिसला, त्यात कुलसचिव ही नाश्त्याची गोष्ट सांगून सभागृहाला कसं हसवतील तेही दिसलं.

"प्रचलित आहे, साहेब," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे... पूर्वीपासून चालत आलेली आहे."

खोटं नव्हतं ते, म्हणूनच जास्त वाईट होतं. अधिष्ठात्यांनी मान हलवली. काकांनी सांगितलंय म्हणजे असणार. शहानिशा कोण करतंय? अर्ध्या तासात निर्णय झाला. एक वर्ष परीक्षेला बसायला मनाई, ओळखपत्र जमा. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मुलीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी ठरली होती, निकाल लागला की रुजू व्हायचं होतं. ती जागा वर्षभर तिच्यासाठी कोण रिकामी ठेवणार? तिनं हे समितीला सांगितलं. समितीनं ते सहानुभूतीनं ऐकलं. असली सहानुभूती फुकट असते.

ओळखपत्र जमा करून घ्यायचं काम काकांचंच. तिनं पट्टा डोक्यावरून काढला, केसात अडकला तो सोडवला आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. काकांनी पोच लिहून दिली. तिनं ती पोच मागून-पुढून बघितली, पाठ कोरी आहे ना याची खात्री केली आणि पर्समध्ये ठेवली. काकांना तोंडात मारल्यासारखं झालं.

बाहेर शिंपी उभाच होता. लेकीचा चेहरा बघून त्याला कळलं. त्यानं कोट पुढे केला. "साहेब, एवढा प्रमुखसाहेबांना पोचवाल का? बाही सोडून दिली. आत कापड होतं, निघालं. दोन्ही बाह्या मोजल्यात, आता केसाचा फरक नाही."

काकांनी कोट घेतला. दुसरं काय करणार?

"आणि साहेब, चूक तिची नाही, माझी आहे," शिंपी म्हणाला. "मीच घालायला लावायचो. मागे काय लिहिलंय ते वाचलंच नाही कधी. पुढचा फोटोच बघत राहिलो."

"अपील करता येतं," काका कसंबसं बोलले. "कुलगुरूंकडे. सात दिवसांत."

"करील ती. पण नियम आहे तो आहे ना साहेब. आम्ही माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. लिहिणाऱ्यानंही विचार करूनच लिहिलं असेल."

मुलगी जिन्यापाशी थांबली होती. शिंपी वळून गेला. काका कोट हातात धरून तिथंच उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना साठीला येऊन त्या व्हरांड्यात कळलं.

घरी बायकोनं विचारलं, "सांगितलंत?" काकांनी बूट काढायला जरा जास्तच वेळ लावला. तिनं पुन्हा विचारलं नाही. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुलसचिवांसमोर एक टिपणी घेऊन उभे राहिले. ओळ मी लिहिली, तिला कुठल्याही नियमाचा आधार नाही, शिक्षा टिकणारी नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. कुलसचिवांनी वाचली, दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचली.

"काका, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे साहेब."

"मग खाजवून खरूज कशाला काढताय? ही ओळ दाखवून एकवीस वर्षं आपण पोरांना गप्प बसवतोय. उद्या ते सगळे येऊन उभे राहिले तर? आणि तुमची निवृत्ती आलीय, एखादी चौकशी मागे लागली तर निरोपाचे हार राहतील बाजूला." त्यांनी टिपणीची घडी घातली आणि काकांच्या खिशात स्वतःच्या हातानं सरकवली. "ही मी बघितलीच नाही."

काका खोलीत आले. कपाटं, टेबलं, फायली. त्या फायलींमध्ये त्यांच्या शेकडो टिपण्या होत्या, एकाहून एक हुशार. फांद्यांचीही त्यातच होती. काकांनी ती काढून वाचली. मागच्या वेळी वाचताना आलं होतं ते हसू आता येईना.

संध्याकाळी ते शिंप्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे दोन मशिनं, एक आरसा, कापायचं मोठं टेबल. काका दिसताच शिंपी लगबगीनं उठला आणि स्टूल पुसून पुढे केलं. काका बसले नाहीत. खिशातली टिपणी त्यांनी मुलीच्या हातात दिली. "अपिलाला जोड," म्हणाले.

तिनं वाचली. मग बापाला वाचून दाखवली. शिंप्याच्या हातातला खडू तसाच राहिला.

"म्हणजे ती मागची बाजू कोरीच होती?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि जागा उरली म्हणून..."

"हो."

शिंप्यानं खडू टेबलावर ठेवला. "कापड उरलं तर आम्ही पिशवी शिवतो, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर काकांना सोपं गेलं असतं.

"काल मी विचारलं होतं तुम्हाला," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे बघूनच विचारलं होतं. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

तिनं कागदाची घडी घालून परत त्यांच्या हातात दिली. "हा कागद नको मला. कागदावर कुणीतरी दुसरा कागद काढेल, तुम्हीच शिकवलंय ते सगळ्यांना. अपिलाच्या दिवशी या आणि सगळ्यांसमोर तोंडानं सांगा. येणार?"

"येतो," काका म्हणाले. 'सांगतो' असं त्यांनी बायकोलाही सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं, आणि तो शब्द आपल्या तोंडी किती हलका झालाय तेही जाणवलं.

पण ते गेले. परीक्षेला सहा दिवस उरले असताना कुलगुरूंच्या दालनात अपील निघालं. अधिष्ठाता होते, कुलसचिव होते, विभागप्रमुखही होते. अंगात तोच कोट, दोन्ही बाह्या मनगटावर अगदी बरोबर. शिंपी बाहेर बाकावर. काका आत जाताना तो उठून उभा राहिला, सवयीनं.

मुलीचं बोलून झाल्यावर काका उठले. कुलसचिवांनी डोळ्यांनी खुणावलं, बसा. काका बसले नाहीत.

"ती ओळ मी लिहिली," ते म्हणाले. "एकवीस वर्षांपूर्वी, घरी, नाश्ता करताना. कुणाची मंजुरी नाही."

कुलगुरूंनी ओळखपत्र उलटं करून बघितलं. "कुठल्या अधिकारात लिहिलीत?"

"अधिकार नव्हता साहेब. छापखानेवाला म्हणाला, जागा रिकामी दिसते."

विभागप्रमुख खो खो हसले. मग कुलसचिवही हसले, आणि अधिष्ठात्यांनी रुमालाआड तोंड लपवलं. हाच तो हशा, ज्याची काकांनी पंधरा दिवस मनात तालीम केली होती. तो आला आणि गेला. वाटलं होतं तेवढा मोठाही नव्हता. एवढ्यासाठी आपण एका पोरीचं वर्ष बुडवायला निघालो होतो, हे मात्र त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि मान वर करवेना.

"पण समितीनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, प्रचलित आहे," कुलगुरू म्हणाले.

"लपवलं, साहेब. मला माहीत होतं."

आता कुणी हसलं नाही. कुलगुरूंनी दोन ओळींचा निर्णय सांगितला. शिंप्याचं दुकान विद्यापीठाचं आवार नाही. तिथं बोललेल्या शब्दांवर विद्यापीठाचा अधिकार चालत नाही. शिक्षा रद्द, परीक्षेला बसू द्यावं. काकांकडे न बघता त्यांनी पुढे सांगितलं की तुमचं काय करायचं ते नंतर बघू. टेबलावरून ओळखपत्र मुलीकडे सरकवलं. तिनं ते गळ्यात घातलं नाही, पर्समध्ये टाकलं.

मुलगी आधी बाहेर गेली. काका फाईल गोळा करून मागून निघाले. व्हरांड्यात बापलेक बाकावर शेजारी बसली होती. तिनं त्याला सांगितलं असावं, कारण तो बाहीनं डोळे पुसत होता. काकांची पावलं ऐकून त्यानं वर बघितलं आणि गडबडीनं उठायला लागला.

मुलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "बसा तुम्ही."

शिंपी खाली बसला. काका त्यांच्या समोरून जिन्यापर्यंत चालत गेले. व्हरांडा रोजचाच होता, पंचवीस पावलांचा. त्या दिवशी तो संपता संपेना.